छपरावरचे पाणी आणि ओढा



काठाला भिंत बांधून शहरातला ओढा वाचत नाही. तो बिघडतो छपरांवरून, डांबरी रस्त्यांवरून पाइपांतून थेट येणाऱ्या पाण्याने. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पूर्वेस लिटल स्ट्रिंगीबार्क नावाचा लहानसा ओढा आहे. २००९ नंतरच्या काही वर्षांत त्याच्या पाणलोट क्षेत्रात घरोघर टाक्या बसविल्या, पाणी जिरवणाऱ्या बागा केल्या. ओढ्यातला फॉस्फरस घटला, हे खरे. पण भरलेली टाकी ओढ्याच्या काय कामाची? पुढची सर तिच्यावरून तशीच वाहून जाते. ते पाणी संडासाला, झाडांना रोज वापरले, तरच पुढच्या पावसाला जागा होते. आणि पाच घरांनी टाक्या बसवल्या, पन्नासांनी नाही, तर ओढ्याला फरक तो कितीसा कळणार?