पाखरांच्या पायांतील कडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लग्नाच्या पंगती उठल्या की शेजारणींची भांडी एकमेकींत मिसळतात. तरी ज्याचे पातेले त्याच्या घरी जाते. कारण आपण भांड्यावर नाव घातलेले असते. पाखरांच्या पायांत कडी घालण्याची विद्या याच युक्तीवर उभी आहे.

जोंधळ्यात दाणा भरला की सातारा-सांगलीच्या रानांत भोरड्यांचे थवे उतरतात आणि माळ्यांवर गोफणी फिरू लागतात. नवरात्राच्या सुमारास कृष्णेच्या घाटावर शेपूट हलवीत परीट पक्षी येतो. उन्हाळ्यात हे पाहुणे दिसेनासे होतात. ते जातात कोठे? १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकाने भोरडीच्याच जातभाईंच्या पायांत क्रमांक कोरलेल्या अॅल्युमिनियमच्या हलक्या कड्या घातल्या. तेव्हापासून तर्काच्या जागी पुरावा येऊ लागला.

आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम १९२७ साली आरंभिले. त्याला मोठे रूप आले ते मात्र एका तापामुळे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि जवळच्या गावांतील माणसे तापाने पडू लागली. विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूसारखा दिसला. तेव्हा उत्तरेची पाखरेच अंगावरच्या गोचिडांबरोबर तो आणतात की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालिम अली यांनी १९५९ पासून हजारो पाखरे धरून, कड्या घालून सोडली. पाखरांवरचा आळ सिद्ध झाला नाही. पण त्यांच्या वाटा उजेडात आल्या. भरतपूरला कडी घातलेली बदके सैबेरियात सापडली.

वाटेइतकाच मुक्कामही महत्त्वाचा. बारीक जाळ्यात सापडलेले पाखरू कापडी पिशवीत घालून तोलतात, पंख मोजतात, कडी घालून सोडतात. तेच चार दिवसांनी पुन्हा सापडले आणि वजन वाढलेले असले, तर मुक्काम मानवला असे समजावे. अंगावरची चरबी हीच त्याची शिदोरी. माउलींची पालखी लोणंदला, फलटणला विसावते. तेथे पाणी व भाकरी न मिळाली तर वारकऱ्याने पंढरी कशी गाठावी? मायणीच्या तळ्याचा काठ, ओढ्याची बाभूळ, पडीक माळ ही पाखरांची मुक्कामाची गावे आहेत. भोरडी दाणे खाते हे खरे. पण टोळ-नाकतोडेही तीच फस्त करते.

भगिनींनो, कडी घालणे हे जाणत्यांचे काम. त्याला सरकारी परवानगीही लागते. पण कडी वाचणे आपल्या हाती आहे. मेलेल्या पाखराच्या पायात ती दिसली, तर मुलांना खेळायला देऊ नका. क्रमांक, गाव आणि तारीख लिहून कडीवरच्या पत्त्यावर कळवा. पाखरू जिवंत असले, तर क्रमांक टिपून सोडून द्या. आणि घरात बांधावरची बाभूळ तोडण्याचा विषय निघाला, तर एवढेच विचारा: आपण कोणाचा मुक्काम मोडतो आहोत?