म्हातारपणी छप्पर कोणाच्या नावाचे?

(पलूस येथे उपासिकांच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



आज मी पंचशीलावर बोलावे असा आपला आग्रह होता. तो मी मोडते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. गेल्या महिन्यात भिलवडीकडच्या एक भगिनी मजकडे आल्या होत्या. नवऱ्याने टाकून त्यांना वीस वर्षे झाली. मूल नाही. कारखान्यात राबून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले आहेत. त्यांनी विचारले, "बाई, हात-पाय चालतात तोवर ठीक आहे, पुढे काय करू? ह्या पैशात एक खोली विकत घेऊ, की पैसे पोस्टात ठेवून भाड्याने राहू?" ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून मी ते येथे सविस्तर देण्याचे ठरविले. अशा भगिनी आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. कोणी विधवा आहे, कोणी परित्यक्ता आहे, कोणी माझ्यासारखी लग्नच न केलेली आहे.

ह्या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यात इतिहास आहे. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ ह्यांनी सांगली जिल्ह्यातील परित्यक्ता स्त्रियांना संघटित केले, तेव्हा मागण्या अगदी साध्या होत्या. शिधापत्रिका स्वतंत्र हवी आणि घर बांधण्यापुरती जागा स्वतःच्या नावे हवी. तिकडे संगमनेरलाही १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेल्या स्त्रीला पोटगीइतकेच छप्पर लागते, ही गोष्ट ह्या बायांनी मोर्चे काढून सरकारच्या कानी घातली. आपल्या समाजातील पुरुषमंडळींच्या कानी ती पुरती गेली आहे, असे मला अजून वाटत नाही.

प्रथम भाड्याच्या घराचा विचार करू. त्याला अगदीच नावे ठेवू नयेत. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकविले आणि त्या काळात नऊ घरे बदलली. बदली झाली की ट्रंक उचलावी आणि निघावे. छत गळले तर घरमालकाने पाहावे. आपल्या भागात तर आणखी एक कारण आहे. कृष्णामाईचे पाणी २००५ साली चढले, २०१९ साली चढले, २०२१ साली पुन्हा चढले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्याच तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून माणसे हलविताना नाव उलटली आणि स्त्रिया व मुले बुडाली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. नदीकाठच्या घरात सारी पुंजी घालून बसलेली एकटी बाई पूर ओसरल्यावर चिखल उपसते, तेव्हा भाडेकरू बाई कोरड्या ठिकाणी दुसरी खोली पाहू शकते. हा फायदा खरा आहे.

परंतु हिशेब मांडून पाहा. समजा, आज खोलीचे भाडे महिना ३००० रुपये आहे आणि ते दरसाल शेकडा पाच ह्या मानाने वाढते. दहा वर्षांनी ते ४९०० च्या घरात जाईल, वीस वर्षांनी ८००० च्या जवळपास पोहोचेल. वीस वर्षांत एकूण भाडे भरले जाईल ते सुमारे बारा लाख रुपये. मला शिक्षिका म्हणून जे निवृत्तिवेतन मिळते, त्यास महागाई भत्त्याची जोड आहे. म्हणून मी कदाचित तग धरीन. पण किर्लोस्करवाडीच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या आसपास एखाद्या खाजगी कारखान्यात राबलेल्या भगिनीचे काय? कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली मिळणारी रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. तिची किमान मर्यादा २०१४ साली ठरली, ती महिना १००० रुपये. शेतमजूर भगिनीला तर तेवढेही नाही. तिच्या वाट्याला संजय गांधी निराधार योजनेचे किंवा श्रावणबाळ योजनेचे अनुदान येते, आणि त्यात खोलीचे भाडे भागत नाही. ज्या घराचे भाडे वाढते आणि ज्या बाईचे उत्पन्न वाढत नाही, त्या दोघांचा संसार किती वर्षे चालेल?

आणि पैसे असूनही घर मिळेलच असे नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एका गावी घरमालकिणीने खोली दाखविली, चहा दिला, भाडे ठरले; आणि मग आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पाहुणे येणार आहेत, खोली देता येत नाही. ते पाहुणे अद्याप यावयाचे आहेत! मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. १९१७ साली परदेशांतून उच्च विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी पथिकाश्रमात ते उतरले होते, तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर पडावयास लावले. पुढे मुंबईत दादरला त्यांनी राजगृह बांधले, ते ग्रंथांसाठी बांधले असे आपण म्हणतो, आणि ते बरोबर आहे. पण बडोद्याची आठवण असलेल्या माणसाने स्वतःच्या मालकीचे घर बांधावे, यात मला आणखीही काही दिसते.

तरी दिल्लीत बाबासाहेबांचे परिनिर्वाण झाले ते २६, अलीपूर रोडवरील घर भाड्याचेच होते. त्यांच्या पश्चात माईसाहेब तेथे राहिल्या. माईसाहेबांविषयी आपल्या समाजात पुष्कळ वाद झाले. ते आज उकरण्याचे कारण नाही. मी त्यांच्याकडे केवळ एक विधवा भाडेकरू म्हणून पाहा असे म्हणते. मूळ मालकाने घर विकले. १९६७ च्या जानेवारीत त्या परगावी गेल्या असताना त्यांचे सामान घराबाहेर काढण्यात आले, आणि बाबासाहेबांची कागदपत्रे उघड्यावर पडून पावसात भिजली. आज त्याच जागी २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक उभे आहे. बाबासाहेबांच्या पत्नीवर जो प्रसंग आला, तो आपल्या पलूसच्या एखाद्या मावशीवर येणार नाही अशी हमी कोण देईल?

म्हणून माझे मत सांगते. जिला शक्य असेल तिने हात-पाय चालत आहेत तोवर एक खोली का होईना, स्वतःच्या नावावर करावी. "स्वतःच्या नावावर" ह्या शब्दांवर मी जोर देते, कारण घोटाळा नेमका तेथेच होतो.

आपल्यात काय घडते? बाई पैसे देते आणि खरेदीखत भावाच्या नावे होते, "तू एकटी, कचेरीत कोठे हेलपाटे घालशील?" असे म्हणून होते. किंवा बाप वारतो आणि तेराव्या दिवसाच्या आतच (हा तेरावा आपण बावीस प्रतिज्ञांनी सोडला आहे, पण हिशेबाला तो अजून धरतो) भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो. बहीण डोळे पुसत सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल असे तिला वाटते. भगिनींनो, सही केल्यावरही माहेर तुटलेले मी पाहिले आहे. मग तेथे राहावयाचा हक्कही उरत नाही. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अंमलात आला, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या चार महिने आधी. कायद्याच्या नावावर जाऊ नका. तो बौद्धांसही लागू आहे, दीक्षा घेतल्याने तुमचा वारसा बुडत नाही. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच बिलाचा हा एक तुकडा. त्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्याच वेळी २३ वे कलमही गेले. त्या कलमामुळे भाऊ वाटणी करीपर्यंत बहिणीला राहत्या घरात वाटा मागता येत नसे. इतके सारे मिळविलेले एका सहीने सोडून देऊ नका. भाड्याने की मालकीचे, हा प्रश्न पुष्कळ जणींच्या बाबतीत येथेच सुटतो. कारण माहेरच्या घरातील हिश्श्याची एक खोली त्यांची आधीपासूनच असते.

भाऊ उदार असेल तर तो मृत्युपत्रात लिहितो, "बहिणीने तहहयात ह्या खोलीत राहावे." हे चांगले आहे, पण त्याने मालकी मिळतेच असे नाही, १४ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे जेवढे दिले तेवढेच मिळते. राहता येईल, पण आजारपणात खोली विकून औषध करता येणार नाही.

आता त्या भिलवडीकडच्या भगिनीला मी जे सांगितले, ते ऐका. तुम्ही घर घेतले आणि मृत्युपत्र न करता वारलात तर ते कोणाला जाईल? १५ व्या कलमाप्रमाणे, मूल नसेल तर नवऱ्याला. होय, ज्याने वीस वर्षांपूर्वी टाकले त्यालाच, घटस्फोट झाला नसेल तर. नवरा आधी वारला असेल तर नवऱ्याच्या वारसांना. तुमच्या आईबापांचा क्रम त्यांच्या मागे. ही पुस्तकातील गोष्ट नव्हे. नारायणी देवी नावाची एक बाई १९५५ साली लग्न होऊन सासरी गेली. तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने मेला आणि सासरच्यांनी तिला हाकलून दिले. माहेरच्यांनी तिला शिकविले, ती नोकरीस लागली, पैसे साठविले, आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची स्वकष्टार्जित मिळकत सासरच्या वारसांना दिली, कारण कायद्याचे शब्द तसे होते. हे ऐकून त्या भगिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे खोलीबरोबर कागदही करावयाचा." अगदी तसेच. मृत्युपत्र साध्या कागदावर होते, त्यास मुद्रांक लागत नाही. आपली सही व दोन साक्षीदार पुरतात. नोंदविले तर उत्तम.

मात्र मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र ह्यांत गल्लत करू नका. मी निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतून येथे दोन खोल्या घेतल्या, तेव्हा माझा भाचा, अतिशय चांगला मुलगा, म्हणाला, "आत्या, आताच माझ्या नावे करून टाक, पुढची दगदग वाचेल." मी त्याला मृत्युपत्र दाखविले आणि चहा पाजला. तो चार महिने रुसला, आता बोलतो. मालमत्ता मेल्यावर जावी, जिवंतपणी नव्हे. ज्यांनी आधीच देऊन टाकली असेल त्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे २३ वे कलम आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडून परत मागता येते. पण ती अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपे होते. दिले नाही तर हे काहीच करावे लागत नाही.

घर घेताना काय पाहावे, ते थोडक्यात. नोटरीवरचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच होते. जुन्या वतनाची जमीन असेल आणि उताऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असे असेल, तर परवानगीवाचून घेऊ नका. आपल्याच माणसाची वतनाची जमीन आपल्याच बाईच्या गळ्यात मारलेली मी पाहिली आहे. पूररेषा विचारा. स्त्रीच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात शेकडा एक सवलत २०२१ पासून आहे, ती मागून घ्या. ज्यांना विकत घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांची रमाई आवास योजना आहे. एकट्या स्त्रीनेही अर्ज करावा. कर्ज काढून मात्र साठीनंतर घर घेऊ नये. आणि सारी पुंजी भिंतीत घालू नये. दवाखान्यापुरते पैसे बाजूला राहिलेच पाहिजेत. पुंजी एवढी तोकडी असेल की खोली घेतल्यावर हाती काही उरणार नाही, तर त्या बाईने भाड्यानेच राहावे, असे मी स्पष्ट सांगते. पण करार लेखी असावा व नोंदलेला असावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडे दिल्याची पावती दर महिन्याला घ्यावी आणि ती डब्यात जपून ठेवावी.

त्या भगिनींनी अद्याप निर्णय घेतलेला नाही. रेल्वे स्टेशनच्या बाजूला, नदीपासून दूर, एक खोली पाहिली आहे; उतारा माझ्याकडे आहे, पण त्यावर बोजा दिसतो, तो बँकेचा की सोसायटीचा हे तलाठ्याकडून समजावयाचे आहे. मी सोमवारी तिकडे जाणार आहे. ज्यांच्या घराचे उतारे, हक्कसोडपत्रे किंवा भाड्याचे करार असतील, त्यांनी ते आताच मजजवळ द्यावेत. सभा संपल्यावर आपण विहाराच्या ओसरीत बसून ते एकेक वाचू. चष्मा मी आणला आहे.