भट्टींतील निखारा

आपल्याकडे घर तापविण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. थंडी पडली म्हणजे शाल पांघरावी, फार झाल्यास शेगडी जवळ ओढावी, एवढ्यावर आपला हिवाळा निभावतो. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागांत, मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत, जानेवारींत पारा शून्याखालीं २० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरतो, आणि तेथें घर तापविणें ही चैन नसून घर टिकविण्याचीच अट असते. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें व लेकी-सुना आज त्या देशांत राहतात. पुष्कळ वडीलधारी मंडळी तेथें एखादा हिवाळा काढूनहि आली आहे. म्हणून तेथील घरांत बसविलेल्या गॅसच्या भट्टीविषयीं, आणि विशेषतः तिच्यांतील एका बोटभर लांबीच्या भागाविषयीं, मी आज बोलणार आहें.

भट्टी बंद पडली तर काय होतें? घर कांहीं तासांत गार पडतें. भिंतींतून गेलेल्या नळांतील पाणी गोठूं लागतें. गोठतांना पाण्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, व त्यामुळें नळ फुटतात. मग ऊब परत आली कीं घरभर पाणी होतें. वृद्ध माणसें व तान्हीं मुलें यांच्या प्रकृतीस होणारा अपाय तो निराळाच. शिवाय अशाच रात्रीं दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला चोहोंकडून बोलावणीं येत असतात. तेव्हां भट्टी कां पेटत नाहीं हें घरच्या माणसाला ओळखतां येणें यांत केवळ काटकसर नाहीं, घराची राखण आहे.

पूर्वीच्या भट्ट्यांत देवघरांतील नंदादीपाप्रमाणें एक लहान ज्योत रात्रंदिवस तेवत असे. तिला पायलट म्हणत. मुख्य गॅस सुटला कीं या ज्योतीनें तो पेट घेई. व्यवस्था साधी खरी. पण भट्टीचें काम नसतांनाहि तो गॅस जळतच राही. अमेरिकेंत १९८७ सालीं झालेल्या कायद्यानें घरगुती भट्ट्यांच्या कार्यक्षमतेची किमान मर्यादा ठरविली, आणि १९९२ पासून ती ७८ टक्के अशी लागू झाली. या काटेकोर हिशेबांत नंदादीप मागें पडला. कांहीं भट्ट्यांत त्याच्या जागीं विजेची ठिणगी आली, तर बहुतेकांत विजेनें लाल होणारा निखारा आला. यासच तेथें ‘हॉट सर्फेस इग्नायटर’ म्हणतात.

हा निखारा पुष्कळदां सिलिकॉन कार्बाइड या पदार्थाचा असतो. अमेरिकन संशोधक एडवर्ड ॲचेसन यानें १८९३ सालीं या पदार्थाचें पेटंट मिळविलें. कार्बन व कोरंडम यांच्या संयोगानें तो बनला आहे, अशा समजुतीनें त्यानें त्याचें नांव कार्बोरंडम ठेविलें. समजूत चुकीची ठरली, नांव मात्र राहिलें. मौज ही कीं, कोरंडम हा शब्द आपल्याच देशांतून तिकडे गेलेला आहे. संस्कृतांतील ‘कुरुविंद’, तमिळांतील ‘कुरुंदम्’ आणि मराठींतील ‘कुरुंद’ हीं त्याचींच भावंडें. हत्यारांस धार लावणारा कुरुंदाचा दगड आपल्या परिचयाचा आहे. सिलिकॉन कार्बाइडमधून वीज गेली कीं तो हजार अंश सेंटिग्रेडच्याहि बराच वर तापतो, आणि तरी हवेंत जळून जात नाहीं. परंतु तो कांचेसारखा ठिसूळ असतो. प्रत्येक वेळीं तापून व निवून अखेर त्यास केसासारखी बारीक चीर पडते, व निखारा विझतो. कांहीं वर्षांनीं हें व्हावयाचेंच. अलीकडे वापरांत आलेला सिलिकॉन नायट्राइड हा पदार्थ त्याहून चिवट आहे.

आतां भट्टी पेटण्याचा क्रम ध्यानांत घ्यावा. खोलींतील थर्मोस्टॅट ऊब मागतो. प्रथम धूर बाहेर काढणारा लहान पंखा फिरूं लागतो. तो खरोखरच हवा ओढीत आहे अशी दाबाच्या खटक्यानें ग्वाही दिली, म्हणजे निखाऱ्यास वीज मिळते. अर्ध्या मिनिटाच्या आंत-बाहेर तो लालबुंद होतो; मग गॅस सुटतो आणि पेटतो. ज्योत पेटल्याची खात्री एक धातूची कांडी करते. तिला ज्योत जाणवली नाहीं तर कांहीं सेकंदांत गॅस बंद होतो. दोन-तीन प्रयत्न फसले कीं भट्टी आपण होऊनच थांबते.

हा क्रम ठाऊक असला कीं निदान सोपें होतें. पंखाच फिरत नसेल तर दोष अन्यत्र आहे. गॅस पेटून लगेच विझत असेल तर बहुधा ती कांडी काजळलेली असते. निखाऱ्याचा त्यांत अपराध नाहीं. पंखा नीट फिरतो, पण निखारा मुळींच लाल होत नाहीं, असें दिसलें तरच त्याच्यावर संशय घ्यावा. वीज बंद करून त्याची जोडणी सोडवावी व मल्टिमीटरनें रोध मोजावा. सिलिकॉन कार्बाइडचा थंड निखारा शाबूत असेल तर सामान्यतः ४० ते ९० ओहम दाखवितो. तुटलेला असेल तर प्रवाह जातच नाहीं. रोध बरोबर असेल, तर त्याच्यापर्यंत वीजच पोंचत नसेल, आणि तें काम कारागिराचें. रोग एक व औषध दुसरें, असें होऊं देऊं नये.

बदलण्याचें काम फार नाहीं, पण शिस्तीचें आहे. भट्टीची वीज खटक्यावर व मुख्य फळ्यावर बंद करावी. गॅसची तोटी नळाला आडवी करावी. भट्टी निवूं द्यावी. नवा भाग भट्टीच्या नमुन्याचा क्रमांक पाहूनच आणावा, कारण निरनिराळ्या भट्ट्यांच्या निखाऱ्यांचा विद्युत्‌दाब सारखा नसतो. जुना भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. नंतर एक-दोन स्क्रू सोडवून तो सरळ बाहेर ओढावा. नवा भाग धरावयाचा तो त्याच्या पांढऱ्या चिनीमातीच्या बुंध्याला. काळ्या टोकास बोट लावूं नये. कातडीवरील तेलाचा डाग तेथें राहिला तर तेवढाच भाग अधिक तापून तडकतो, असें कारागीर सांगतात. स्क्रू बेतानेंच आवळावे. तारा ज्वाळेपासून दूर ठेवाव्या. झाकण लावून मग गॅस व वीज सुरू करावी, आणि दोन-तीन वेळां भट्टी पेटून विझेपर्यंत समोर उभें राहून पाहावें.

आतां मर्यादा. गॅसचा नळ, झडप व दाब यांस घरच्या माणसानें हात लावूं नये. झाकणामागील सुरक्षेचा खटका बांधून ठेवून भट्टी चालवूं नये. ज्वाळा पिवळी दिसली किंवा बाहेर झेपावली तर भट्टी बंद करून जाणत्यास बोलवावें. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सासमधील न्यू लंडन या गांवच्या शाळेंत असाच न कळलेला गॅस सांचून स्फोट झाला, आणि सुमारें ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्यू पावले. त्यानंतर गॅसमध्यें उग्र वास मिसळण्याचा कायदा झाला. तो वास येतांच कोणताहि खटका दाबूं नये. सर्वांनीं बाहेर पडावें व दूर जाऊन गॅस पुरविणाऱ्यांस कळवावें. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाहीं. त्यासाठीं घरांत सूचक घंटा असलीच पाहिजे.

या यंत्राचा एक गुण घेण्याजोगा आहे. पहिल्या पायरीची खात्री पटल्यावांचून तें दुसरी पायरी चढत नाहीं, आणि खात्री पटली नाहीं तर निमूटपणें थांबतें. त्याची दुरुस्ती करणाऱ्यानेंहि हाच नियम पाळला, तर थोडक्या पैशांत घर पुन्हां उबदार होईल. आणि जेथें थांबावयाचें तेथें तो थांबला, तर त्या घरांतील सर्व माणसें सुखरूप राहतील.