उद्यापासून रॅगिंगचा कायदा लागू नाही



आज नर्सिंगची पदवी हातात पडतेय, आणि त्याच दिवशी एक संरक्षण सुटतं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा, पण तो शिक्षणसंस्थांपुरता. विरार लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयात किंवा इथेच नालासोपाऱ्याच्या नर्सिंग होममध्ये रुजू होणारी स्टाफ नर्स त्यात बसत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी हात उगारला तर राज्याचा २०१०चा कायदा आहे, लैंगिक छळासाठी २०१३चा. पण इन्चार्जने महिनाभर नाइट लावल्या, ऐन वेळी ऑफ कापला, पेशंटसमोर ‘कुठून शिकून आलीस?’ म्हणून झापलं, तर? त्यासाठी वेगळा कायदा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि कायदा असला म्हणून माणूस वाचतोच असंही नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या, तडवी भिल्ल समाजातल्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. त्रासाची गोष्ट आधीच वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असं कुटुंबाचं म्हणणं. आई आबेदा तडवी त्याच वर्षी हैदराबाद विद्यापीठात जातिभेदाला कंटाळून जीव दिलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठांतला जातिभेद रोखणारी यंत्रणा नीट चालावी, ही मागणी.

वैद्यकीय क्षेत्रातली खरी अडचण इथेच आहे. ज्याच्या सहीवाचून लॉगबुक अडतं, तक्रारही बहुतेकदा त्याच्याच टेबलावर जाते.

नायरपासून थोड्याच अंतरावर, परळच्या केईएममध्ये, नर्सिंगच्या याच पेशाने मात्र वेगळं काही करून दाखवलं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला; त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. परिचारिकांनी संप केला. पुढे महापालिकेने अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या आणि बेत बारगळला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तोपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ, परिचारिकांनी आपल्या सहकारिणीला सांभाळलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, एकीची ड्युटी संपली की दुसरीकडे ओव्हर. अंगावर बेडसोर नाही, याची नोंद न्यायालयात झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे आप्त मानलं.

अंथरुणावरच्या सहकारिणीसाठी इतकं करणारा पेशा चालत्याबोलत्या ज्युनिअरला मात्र एकटं सोडतो. ‘आम्हीही असंच सोसलं’ हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं, आणि बोलणारी बहुधा दुष्ट नसते, दमलेली असते. तीस पेशंटमागे दोन सिस्टर असल्या की राग खालच्या पायरीवर उतरतो. भरती हा त्यावरचा उपाय आहेच, पण तोवर वॉर्डातल्या तिसऱ्या व्यक्तीला काही करता येतं. झापणं सुरू असताना ‘सिस्टर, आत बोलूया’ म्हणणं. तारीख, पाळी, शब्द लिहून ठेवायला ज्युनिअरसोबत बसणं. मेट्रनकडे जाताना सोबत जाणं, अर्जावर दुसरी सही करणं. तिची झोप उडाली असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, स्वतः लावून फोन तिच्या हातात देणं.

आज पदवी घेणाऱ्या या तुकडीतल्या काहींच्या हाती काही वर्षांनी ड्युटी लिस्ट येईल. ती आठवडाभर आधी भिंतीवर लावायची की आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकायची, हे तेव्हा त्याच ठरवतील.