उष्णतेचा हिशोब



आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. मोठ्या इमारतीला लागणारी वीज, गरम पाणी आणि गारवा ही तिन्ही एकाच इंधनातून, तिच्याच आवारात तयार करता येतात. आपण त्याला ट्रायजनरेशन म्हणतो.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो. वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिथून बाहेर पडलेली तीच वाफ पुढे रस आटवते. आपल्या ग्रामीण भागातल्या पोरांनी हे को-जन, म्हणजे वीज आणि उष्णता एकत्र तयार करणं, वर्षानुवर्षं चालवून दाखवलं आहे. जगालाही ती नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये 1882 साली पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजघर सुरू झालं आणि त्याच वर्षी मॅनहॅटनच्या रस्त्यांखालून नळ टाकून इमारतींना वाफ विकणंही सुरू झालं. ते वाफेचं जाळं आजही चालू आहे.

आणि आपल्या इमारती? भारनियमनाच्या काळात मी एका रुग्णालयाच्या ऊर्जा तपासणीला गेलो होतो. गच्चीवर दोन धुरांडी शेजारी शेजारी उभी होती. एक डीजी सेटचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, त्यातून चारशे अंशांच्या वरचा धूर आकाशात जात होता. दुसरं बॉयलरचं, लाँड्री आणि ऑटोक्लेव्हला वाफ मिळावी म्हणून तिथेही डिझेलच जळत होतं. दोन्हींत अंतर जेमतेम दहा फूट. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ त्या गच्चीवर डोळ्यांनी पाहिला.

पण म्हणून उठून प्रत्येक इमारतीत ट्रायजनरेशन बसवा, असं मी म्हणणार नाही. आपल्या व्यवसायात या विषयाची जाहिरात फार झाली आणि हिशोब कमी झाला. तो आज मांडू द्या.

वायूवर चालणारं एक मेगावॉटचं इंजिन घ्या. इंधनातल्या शंभर भागांपैकी सुमारे चाळीस भागांची वीज होते. जवळपास तितकीच उष्णता धूर आणि जॅकेट वॉटर यांतून परत मिळवता येते. म्हणजे एक मेगावॉट विजेसोबत एक मेगावॉट उष्णता. ही उष्णता सिंगल इफेक्ट व्हॅमला, म्हणजे उष्णतेवर गारवा तयार करणाऱ्या यंत्राला दिली, तर एक भाग उष्णतेला 0.7 भाग गारवा या हिशोबानं 700 किलोवॉट, म्हणजे 200 टन गारवा मिळतो. ब्रोशरमध्ये हा आकडा ठळक असतो. पण तेवढाच गारवा चांगला वॉटर-कूल्ड चिलर टनाला 0.65 किलोवॉट धरून 130 किलोवॉट विजेत देतो. एक मेगावॉट उष्णता खर्चून आपण वाचवली 130 किलोवॉट वीज! तीच उष्णता गरम पाण्याला आणि लाँड्रीला दिली असती, तर बॉयलरचं एक मेगावॉटहून जास्त इंधन वाचलं असतं.

आणखी एक गोष्ट आपण ग्राहकाला सांगत नाही. व्हॅमच्या कूलिंग टॉवरला गारव्याचे 700 आणि चालवायला दिलेले 1000, असे 1700 किलोवॉट बाहेर टाकावे लागतात. विजेच्या चिलरला सुमारे 830. टॉवरमधून उडणारं पाणीही त्याच प्रमाणात, म्हणजे दुपटीच्या घरात. ज्या राज्यात 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या राज्याचे आपण अभियंते आहोत. पाण्याचा रकाना नसलेला प्रकल्प अहवाल माझ्यासमोर आला, तर मी तो परत पाठवतो.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. उष्णता आधी उष्णता म्हणूनच वापरा. उरेल तिचा गारवा करा. रात्री तीन वाजता इमारतीला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यावर इंजिन निवडा. रुग्णालय, मोठं हॉटेल, चोवीस तास चालणारा औषध कारखाना, इथे हे गणित जमतं. दहा ते सहा चालणाऱ्या कार्यालयात जमत नाही. दुपारच्या कमाल लोडवर निवडलेली इंजिनं मी धूळ खात पडलेली पाहिली आहेत. 2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्धानं आयात वायूचे भाव भडकले, तेव्हा त्यांचा उरलासुरला आधारही गेला.

हे तंत्र बसवण्याचं पैशाच्या पलीकडचं एक कारण मात्र मला मोलाचं वाटतं. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळानं न्यूयॉर्कचा मोठा भाग अंधारात बुडाला. एका नामांकित रुग्णालयाची वीज गेली आणि तीनशेच्या आसपास रुग्ण तिथून हलवावे लागले. त्याच शहरात ब्राँक्समधल्या को-ऑप सिटीत, म्हणजे पंधरा हजारांहून अधिक घरांच्या वसाहतीत, दिवे चालू होते. कारण तिचं सुमारे 40 मेगावॉटचं स्वतःचं को-जन केंद्र होतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या आणि कोविडच्या त्या दिवसांत शहरातले अतिदक्षता विभाग भरलेले होते.

शेवटी एका माणसाबद्दल सांगतो. एका रुग्णालयाच्या प्लँटवर रात्री वीज गेली. व्हॅममधलं लिथियम ब्रोमाइडचं दाट द्रावण पातळ व्हायच्या आत थंड झालं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये गोठून बसलं. मी पोचलो तेव्हा ऑपरेटर एक्स्चेंजरला गोणपाट गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतत होता. दर पाच मिनिटांनी नळीवर तळहात ठेवायचा, आत काही वाहतंय का ते पाहायला. पहाटे सहाच्या सुमारास हात तसाच ठेवून म्हणाला, "साहेब, सुटलं." बारा वर्षं तो हे यंत्र चालवत होता. यंत्राचं मॅन्युअल इंग्रजीत होतं आणि व्यवस्थापकाच्या कपाटात कुलपात होतं. गोणपाटाची युक्ती त्याला आधीच्या ऑपरेटरनं सांगितली होती. तो माणूस त्या रात्री रजेवर असता, तर दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या असत्या.

म्हणून मित्रहो, या अधिवेशनाकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. तुमच्याकडे असलेल्या एका इमारतीची वीज, गरम पाणी, वाफ आणि गारवा यांची तासातासाची नोंद वर्षभर ठेवा. पावसाळ्यातली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. आणि तिथल्या ऑपरेटरसाठी यंत्र बंद करण्याची, गोठलं तर सोडवण्याची रीत मराठीत एका पानावर लिहून प्लँटरूमच्या भिंतीवर लावा. पुढच्या वर्षी येताना ती नोंदवही आणि ते पान सोबत आणा. पहिलं सत्र आपण त्यावरच घेऊ.