आधी यजमानाचा हिशेब

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यानिमित्त कुसगाव येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

दिंडीचे मालक, विणेकरी, टाळकरी, मृदंगमणी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माउल्या आणि कुसगावकर ग्रामस्थ मंडळी,

शंभर वर्षे चालत असलेल्या दिंडीपुढे बोलायला उभे राहायचे म्हणजे थोडे दडपण येतेच. आम्ही पर्यटनाचा अभ्यास करणारी मंडळी. आमच्यात कोणी भूगोल शिकवतो, कोणी समाजशास्त्र, कोणी हॉटेल व्यवस्थापन. आमच्या अभ्यास मंडळाची नवी कार्यकारिणी नुकतीच कामाला लागली आहे. पुढच्या काळात मंडळाने आधी काय हाती घ्यायचे, याचा विचार चालू आहे. तो विचार आमच्या सभेत पक्का होण्याआधी तुमच्या कानावर घालावा, असे आम्ही ठरवले. कारण उघड आहे. तुमच्या गावात बाहेरचे लोक येतात, आणि तुम्ही स्वतः आषाढात दुसऱ्यांच्या गावी मुक्कामाला जाता. पाहुणा आणि यजमान या दोन्ही बाजू माहीत असलेली माणसे इथे समोर बसली आहेत.

आता तुम्ही विचाराल, "आम्ही वारकरी, आमचा आणि पर्यटनाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. वारकरी हा पर्यटक नव्हे, असेच आमचेही मत आहे. पर्यटक हौसेने निघतो, वारकरी नेमाने निघतो. हौस फिटली की संपते, नेम पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पण प्रवासाचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष वारीकडे फार पूर्वीच गेले आहे. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख त्यांनी मराठीत लिहिला. जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे खटकल्याचेही त्यांनी स्पष्ट सांगितले. 1962 साली तो लेख इंग्रजीत छापला गेला. व्हिक्टर टर्नर या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या यात्रांवर लिहिताना त्याचा आधार घेतला. दि. बा. मोकाशी 1961 साली पालखीबरोबर चालले, त्यांचे 'पालखी' 1964 साली आले आणि पुढे तेही इंग्रजीत गेले.

हे सगळे अभिमानाचे आहे. पण एक गोष्ट बघा. इरावतीबाई आणि मोकाशी यांनी आधी मराठीत लिहिले. आज आमच्यासारख्यांचे शोधनिबंध बहुतेक इंग्रजीतच लिहिले जातात आणि तिथेच राहतात. ज्या गावाने प्रश्नावली भरून दिली, चहा पाजला, त्या गावाला आपल्याबद्दल काय लिहिले हे कळतच नाही. आणि लिहिलेले असते तेही बहुतेक पाहुण्याबद्दलच. तो का आला, किती खर्च केला, पुन्हा येणार का. ज्याच्या दारात तो आला, त्याचे काय झाले?

म्हणून आमचा पहिला अग्रक्रम यजमान गावाचा हिशेब हा राहील.

मावळाला पाहुणे नवे नाहीत. कार्ल्याच्या लेण्यात खांबाखांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत दूरच्या गावांचे लोक आहेत, यवनही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी घाटातून येणारा-जाणारा इथे थांबत होता आणि काही देऊन जात होता. आज कार्ला, भाजे, एकवीरा, लोहगड, विसापूर, भुशी या सगळ्यांच्या मध्ये आपले कुसगाव आहे. जुलै 2025 मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. खोपोलीहून येणाऱ्या 'मिसिंग लिंक' रस्त्याचे एक टोक तर आपल्या गावातच आहे. मुंबई आणखी जवळ येते आहे. येणाऱ्याला वाचणारी मिनिटे कोणीही सांगेल. त्या मिनिटांपायी गावावर काय पडणार, ते कोण मोजणार?

न मोजल्याची किंमत आपण पाहिली आहे. 30 जून 2024 ला, रविवारी, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पुढच्याच वर्षी 15 जूनला, तोही रविवारच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. प्रत्येक वेळी नंतर चौकशी झाली, नंतर बंदी आली. पाण्यात उड्या मारून माणसे काढायला मात्र आधी धावतात ती इथलीच पोरे. वारीच्या मुक्कामाच्या गावाला आधीच माहीत असते, कोणत्या तिथीला पालखी येणार, साधारण किती माणूस येणार, टँकर कुठे उभे करायचे, शौचालये कुठे लावायची. पावसाळ्यातल्या रविवारची अशी कसलीच आखणी आपल्याकडे नाही. ती आखणी करायची तर आधी आकडे हवेत. रविवारी किती गाड्या आल्या, किती पाणी उपसले, किती कचरा उरला, कोंडीत रुग्णवाहिका किती वेळ अडकली, आणि एवढ्या गर्दीतून गावातल्या किती घरांच्या हाती पैसा आला. साधी मोजणी आहे, पण ती सलग काही पावसाळे करावी लागेल.

यात नदी आलीच. इंद्रायणी उगम पावते ती आपल्या शेजारी, कुरवंड्याजवळ. इथून ती कुंडमळ्यावरून देहूला, देहूहून आळंदीला जाते, तुळापूरला भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे मावळातल्या सहलीचे पाणी आणि वारकऱ्याच्या स्नानाचे पाणी एकच. आळंदीला पाण्यावर फेस तरंगतो तो मुख्यतः खालच्या शहरांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा, हे खरे. पण वरच्यांनी खालच्यांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या वाट्याचे मोजलेले बरे. तीर्थ आणि पर्यटन यांचा अभ्यास वेगळ्या खात्यांत होत असेल, नदीला ती खाती माहीत नाहीत.

दुसरा अग्रक्रम भाषेचा. गावात केलेल्या प्रत्येक अभ्यासाचा गोषवारा मराठीत लिहायचा आणि तो त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा. तिथे कोणी उठून म्हणाले, "सर, हे चुकीचे आहे," तर ते म्हणणे अहवालात नोंदवायचे. विद्यार्थ्याला पदवी त्यानंतर मिळाली तरी चालेल!

ही पद्धत आम्ही तुमच्याकडूनच उचलली आहे. समाजआरतीच्या वेळी काय होते? सगळ्या दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि लाखाचा जमाव शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकतात, तोड काढतात, तेव्हा ते टाळ थांबतात. एवढ्या अफाट गर्दीत एका छोट्या दिंडीलाही आपला आवाज पोचवता येतो. आमच्या विद्वानांच्या परिषदांत चोप उंचावणारे पुष्कळ आहेत, पण न थांबलेल्या टाळाकडे चालत जाणारे कमी. नव्या कार्यकारिणीकडून आम्हाला ते चालणे हवे आहे.

तिसरा अग्रक्रम आमच्या घरचा, म्हणजे नेतृत्वाचा. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही, पण ती एकाच्याच गळ्यातही राहत नाही. पहारा संपला की नमस्कार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. देहूहून तुकोबांच्या पादुकांची पालखी 1685 साली नारायण महाराजांनी सुरू केली. पुढे हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. ती माणसे गेली, सोहळा राहिला, कारण त्यांनी नेम घालून दिला होता. अभ्यास मंडळेही अशीच चालावीत. पदाची मुदत ठरलेली हवी, हिशेब सर्वांसमोर हवा, आणि पुढच्या फळीत मावळातल्या कॉलेजांत शिकणारी मुले-मुली हव्यात. आपल्या गावाची मोजणी आपल्या गावच्या मुलीने केली, तर तिला कोणता ओढा कुठे मिळतो हे नकाशात शोधावे लागणार नाही.

तुमच्याकडे आमचे एकच मागणे आहे. येत्या पावसाळ्यात आम्ही वह्या घेऊन कुसगावात येऊ. तुम्ही बरोबर बसा, आणि आमच्या लिहिण्यात काही खटकले तर टाळ थांबवू नका.

दिंडीच्या दुसऱ्या शतकाला आमच्या मंडळाचा दंडवत.

रामकृष्ण हरी!