पहूरची पी.जे.

२०१७ साली आपल्या जयनगरला मेट्रो आली, तेव्हा मला खानदेशातली आमची पी.जे. आठवली. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. पहिले महायुद्ध संपता संपता टाकलेले. वाघूरकाठचे आमचे पहूर हे तिचे एक स्टेशन. एके काळी अजिंठ्याची लेणी पाहणारेही इथे उतरत. गाडी हळू (सायकलवाला पुढे जाई!), पण तिकीट एस.टी.पेक्षा कितीतरी स्वस्त. त्यामुळे बाजारकरू, शाळकरी मुले, सगळे तिनेच जात. मार्च २०२० मध्ये करोनात ती बंद झाली, ती पुन्हा धावलीच नाही. ब्रॉडगेजला मंजुरी मिळाली, आनंद आहे. आई मात्र दर फोनला विचारते, "नवी गाडी पहूरला थांबेल ना रे?"